फ्लॉपीवरलं नाव

खटकचिंचोळीच्या क्षयरोग दवाखान्यात कॉम्प्युटर आला तो मोठ्या थाटात. त्याला स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीला पडदा मिळाला, अंगावर शिवलेली खोळ मिळाली आणि दाराबाहेर चपला काढायचा नियमही मिळाला. रोग्यांच्या खाटांना मात्र अजून गाद्या यायच्या होत्या. गावातली म्हातारीकोतारी माणसं दारातून डोकावत आणि आत कोणता देव बसवलाय म्हणून विचारत. शोभाला हसू येई, कारण त्या देवाची पुजारीण तीच होती.

हे एकोणनव्वद सालचं. शोभा गावातल्याच बौद्ध वस्तीतली, ज्ञानोबांची थोरली लेक. ज्ञानोबा रस्त्याच्या कामावर खडी फोडता फोडता लवकर गेले. आई इंदिराबाईंनी लोकांच्या रानात खुरपून पोरीला भालकीला शिकवलं आणि मग, भावकीने तोंडं वाकडी केली तरी, गुलबर्ग्याला कॉम्प्युटरच्या वर्गाला घातलं. सव्विशी उलटली तरी पोरगी बिनलग्नाची, याचा घोर आईपेक्षा गावालाच जास्त होता. शोभाने तो घोर गावाकडेच राहू दिला होता.

दवाखाना एका संस्थेचा. तिचे दवाखाने तीन: मुख्य गुलबर्ग्याला, एक खटकचिंचोळीला आणि एक पार भीमेकाठी अफजलपूरला. एकमेकांपासून इतके लांब दवाखाने काढण्यामागे कारण होतं धनगरांचं. इकडचे कळप दिवाळी झाली की निघतात, मंठाळ, आळंद करत भीमेकाठी उतरतात आणि मृगाच्या आधी माघारी येतात. माणसांबरोबर खोकलाही चालत जायचा, औषध तेवढं मागे राहायचं. चार महिने गोळ्या खाऊन जरा बरं वाटलं की कळप निघायची वेळ यायची, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस हाडाचा सापळा होऊन दारात उभा राहायचा. कागदाचं कार्ड देऊन पाहिलं होतं. ते पावसात भिजे, घामाने विरे, आणि एका कळपात दोन-दोन बिराप्पा असल्यामुळे याच्या गोळ्या त्याला जात. म्हणून मुख्य डॉक्टर मडिवाळप्पांनी ठरवलं, की रोग्यांची सगळी माहिती मशीनमध्ये भरायची, फ्लॉपीवर घ्यायची आणि महिन्याला औषधं वाटत फिरणाऱ्या जीपने तिन्हीकडे पाठवायची. मशीनच्या पडद्यावर नाव आलं की औषध द्यायचं.

बोलायला सोपं. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातली पातळ चकती, आणि ती कोरी असली की कुठल्याच उपयोगाची नसते. आधी मशीन तिच्यावर गोल गोल वाटा आखतं, वाटांचे तुकडे पाडतं आणि कोणत्या तुकड्यात काय ठेवलंय ते लिहायला सुरुवातीची थोडी जागा राखून ठेवतं. त्याला फॉरमॅट करणं म्हणतात. मेख अशी, की आखणी करायची रीत मशीनगणिक निराळी, आणि आपल्या रीतीने न आखलेली फ्लॉपी पुढ्यात आली की मशीन सरळ हात वर करतं.

तीन दवाखान्यांत मशीन तीन तऱ्हांची होती. गुलबर्ग्याचं मोठं, त्याची रीत त्याच्यापुरती, आणि डॉक्टरांचा त्याच्यावर फार जीव. शोभाचं नवंकोरं, त्याच्या रीतीने आखलं तर एकाच फ्लॉपीत तिन्हीकडचे रोगी मावून जागा उरली असती. अफजलपूरचं मात्र कुणीतरी दान दिलेलं जुनं डबडं. त्याला फक्त जुनी, थोड्या जागेची आखणी वाचता यायची. मशीन बसवून देणारा इंजिनिअर नव्या रीतीच्या बाजूने होता, डॉक्टर स्वतःच्या. शेवटी डॉक्टरांनी सगळं शोभावर सोपवलं. फ्लॉपी तूच भरणार आणि निस्तरणारही तूच, तेव्हा तूच ठरव, म्हणाले. वर हेही म्हणाले, की एकदा ठरलं की वर्षभर बदलायचं नाही.

शोभाने आठवडाभर डोकं खाजवलं. त्या दिवसांत बिराप्पा नावाचा एक धनगर त्याच्या बायकोला, अंबुबाईला घेऊन यायचा. बाई चाळिशीची, आली तेव्हा धड बसवत नव्हतं. पहिले दोन महिने रोजच्या रोज सुई, मग गोळ्या. आता तिच्या गालांवर मांस दिसू लागलं होतं आणि ती शोभाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून मशीनकडे पाहत राही. कळप निघायची बोलणी चालली होती, म्हणून शोभाने सहज बिराप्पाला विचारलं, की मामा, एवढ्या वाटा आहेत, कोणत्या वाटेने जायचं हे ठरवता कसं.

"म्या कुठं ठरवतो, अक्का," बिराप्पा म्हणाला. "कळपात येक लंगडी हाय, दोन गाभण हायती. त्यास्नी जी वाट झेपती, ती आमची वाट. दणकट मेंढरं कुटूनबी जातेत. त्येंचं इचारायलंय कोण?"

शोभाला त्या उत्तराने फार बरं वाटलं. तिने त्याच दुपारी ठरवून टाकलं: आखणी अफजलपूरच्या डबड्याला झेपेल तीच. फ्लॉप्या जास्त लागतील, लागू देत. इंजिनिअर नाक मुरडून गेला. डॉक्टर मडिवाळप्पांनी ऐकून घेतलं, क्षणभर विचार केला आणि बरोबर आहे म्हणाले. शोभा त्या दिवशी घरी गेली ती जमिनीपासून चार बोटं वरून चालत. तिचा निर्णय योग्यच होता. तिचं चुकलं ते नंतर, आणि अगदीच घरगुती गोष्टीत.

इंदिराबाईंच्या घरात काहीही एकदा वापरून टाकलं जात नसे. लुगड्याची गोधडी होई, गोधडीचं पोतेरं होई, आणि पाटीवरची अक्षरं पुसून त्याच पाटीवर शोभा आणि तिचं धाकटं भावंड दोघंही शिकली होती. फ्लॉप्या हैदराबादहून मागवाव्या लागत. शोभाने दसऱ्याला एक नवी फ्लॉपी आखून, त्या वर्षी लवकर निघालेल्या कळपांची नावं भरून अफजलपूरला पाठवली. तिकडे सिद्धप्पा नावाचा कंपाउंडर मशीन बघायचा. त्याने ती बिनबोभाट वाचली, दिलेल्या औषधांची माहिती तिच्यातच भरली आणि परत पाठवली. शोभाने ती आपल्या मशीनमध्ये उघडली, सगळं नीट दिसलं. मग कोरी फ्लॉपी कशाला मोडायची? तिने त्याच फ्लॉपीवर नवी नावं चढवली. त्यात अंबुबाईचं नाव होतं. जीप गेली. कळपही गेला, महिन्याच्या गोळ्या घेऊन.

दवाखान्यात शोभाने आणखी एक प्रथा पाडली होती, आणि ती सगळ्यांना फार आवडे. व्हरांड्यात एक फळा होता, त्यावर चालू औषधाच्या रोग्यांची नावं. ज्याचं औषध पुरं होई त्याने स्वतः ओल्या हाताने आपलं नाव पुसायचं, मग सगळ्यांना गूळ वाटायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आपलं नाव फळ्यावर कुठे आहे ते बरोबर ठाऊक असे. अंबुबाईने पावसाळ्यात दोघा-तिघांना नाव पुसताना पाहिलं होतं, आणि दर वेळी ती शोभाला आपलं नाव दाखवायला लावून म्हणे, की ह्याची पाळी कधी.

संक्रांत होऊन गेल्यावर जीप अफजलपूरहून फिरून आली. ड्रायव्हरने सिद्धप्पाचा निरोप सांगितला: गेल्या खेपेची फ्लॉपी अर्ध्यात तुटते, पुढची नावं दिसत नाहीत; आणि अंबुबाई म्हणून एक बाई नवऱ्याबरोबर आली होती, तिचं नाव नव्हतं, म्हणून औषध न घेता गेली. शोभाने बोटांवर दिवस मोजले. बाई गेली त्याला महिना होत आला होता. शोभा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला बसली, गुलबर्ग्याला उतरून अफजलपूरची धरली, आणि वाटभर फ्लॉप्यांची पिशवी छातीशी धरून सिद्धप्पाला शिव्या देत राहिली. त्यानेच काहीतरी केलं असणार याबद्दल तिला शंका नव्हती.

सिद्धप्पा पन्नाशीचा, सरळ माणूस. त्याने आधी तिला चहा पाजला आणि मग मशीन सुरू केलं. शोभाने आणलेली एक नवी, फक्त तिच्याकडेच आखून भरलेली फ्लॉपी त्याने लावली, ती डबड्याने सुरळीत वाचली. मग ती जुनी, एकदा परत जाऊन पुन्हा आलेली लावली. मशीनने बराच वेळ घरघर केली, निम्मी नावं दाखवली आणि चूक असल्याची ओळ टाकून थांबलं. शोभाने ती पुन्हा लावली, पुसून लावली, उगाच फुंकर मारून लावली. शेवटी दोघांनी पोस्टातून गुलबर्ग्याला फोन लावला आणि इंजिनिअरला गाठलं. त्याने जे सांगितलं ते असं: नव्या मशीनचं लिहिण्याचं टोक बारीक, जुन्याचं रुंद. कोऱ्या फ्लॉपीवर बारीक टोकाने लिहिलेलं जुनं मशीन वाचतं. पण एकदा त्यावर जुन्याने रुंद लिहिलं, आणि त्यावर पुन्हा नव्याने बारीक लिहिलं, की रुंद चाकोरीच्या दोन्ही कडांना जुनं तसंच राहतं. नव्या मशीनला फक्त मधलं दिसतं, म्हणून त्याला सगळं ठीक वाटतं. जुन्याला मधलं आणि कडेचं एकदम दिसतं, आणि त्याचा गोंधळ उडतो. जाणारी फ्लॉपी वेगळी आणि येणारी वेगळी ठेवायची, एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याने लिहायचंच नाही, एवढंच करायचं होतं.

म्हणजे सिद्धप्पाचं काही चुकलं नव्हतं. ज्या मशीनला जपायचं म्हणून तिने आखणी निवडली, त्याच मशीनच्या डोळ्यांत तिने माती टाकली होती, आणि ती एका फ्लॉपीची काटकसर करून. शोभाला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. तिने सिद्धप्पाला विचारलं, की बाई गेली तेव्हा काय म्हणाली.

सिद्धप्पा म्हणाला, की तेच तर त्याला कोडं पडलं होतं. नाव नाही म्हटल्यावर माणसं भांडतात, रडतात, हातापाया पडतात. ही बाई आधी नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. तो तिला कन्नडमध्ये म्हणाला होता, "निम्म हेसरु इल्ल," तुमचं नाव नाही. तेव्हा ती हसली. नवऱ्याने सिद्धप्पाच्या पायाला हात लावला आणि दोघं आनंदाने निघून गेली.

शोभाला एका क्षणात सगळं समजलं. ज्याचं नाव पुसलं जातं तो बरा होतो, हे तिनेच त्या बाईला शिकवलं होतं. गूळही तिनेच वाटला होता.

कळप सापडायला अडचण पडली नाही. नदीच्या अलीकडे, ऊस तुटून गेलेल्या एका रानात बिराप्पाने खतासाठी मेंढरं बसवली होती. सिद्धप्पा तिला सायकलवर तिथपर्यंत सोडून गेला. तिला पाहून बिराप्पा धावतच आला. त्याने तिच्या कपाळाला भंडारा लावला, तिला घोंगड्यावर बसवलं, आणि तिने तोंड उघडायच्या आत सगळं सांगून टाकलं. बायको बरी झाली म्हणून त्याने बिरोबाला कळपातला सगळ्यात देखणा मेंढा दिला होता, काठावरच्या सगळ्या वाड्यांना, म्हणजे धनगरांच्या तळांना, जेवू घातलं होतं, आणि जेवताना प्रत्येकाला शोभाक्काचं नाव घ्यायला लावलं होतं. बोलताना त्याचा चेहरा फुलला होता. अंबुबाई तीन दगडांच्या चुलीपुढे चहा करत होती. ती मधेच उठली, सामान लादलेल्या तट्टाच्या आड गेली, आणि पदर तोंडात कोंबून खोकली. शोभाने तो आवाज ओळखला. बिराप्पाने ऐकला नाही, किंवा त्याला ऐकायचा नव्हता.

चहा निवून गेला तरी शोभाला घोट घेववेना. मग तिने मन घट्ट केलं आणि काही न लपवता सांगितलं. अंबुबाईचं नाव पुसलं गेलं नव्हतं, ते मशीनला दिसलं नाही. दिसलं नाही ते माझ्या चुकीने. औषध पुरं व्हायला अजून बरेच दिवस होते, आणि आता मधे खंड पडल्यामुळे पहिल्यापासून सुरू करावं लागेल, सुयांपासून.

बिराप्पा ऐकत होता. त्याच्या बोटांवरचा भंडारा तसाच होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, की तिला तर काही होत नाही, ती चांगली आहे.

"न्हाई, मालक," अंबुबाई खाली बघत म्हणाली. "खोकला परत आलाय. मेंढा कापला त्याच्या आदीच आलाय. तुमी येवढे खुशीत व्हता, समद्यास्नी बोलवायलाव, जेवू घालायलाव. तुमच्या तोंडाकडं बगून मी काय म्हनू? मला वाटलं, जेवडे दिस ऱ्हातंय तेवडे ऱ्हाऊ द्यावं."

शोभाला वाटलं होतं, की ती एक कडू बातमी घेऊन आली आहे. ती बातमी या बाईने एकटीने, हसऱ्या तोंडाने, कितीतरी दिवस सांभाळली होती. शोभाचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. बिराप्पा उठून मेंढरांकडे गेला. बराच वेळ तो तिकडे पाठ करून उभा राहिला, एका मेंढीचे कान चाचपत. परत आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की आता काय करायचं, ते सांगा.

करायचं ते सोपं नव्हतं. सुई रोज घ्यावी लागणार, म्हणजे बाईला कळपाबरोबर फिरता येणार नाही. अफजलपूरला खाटा नव्हत्या आणि तिथे यांचं ओळखीचं कुणी नव्हतं. खटकचिंचोळीच्या चार खाटा अंथरुणाला खिळलेल्यांनी भरलेल्या. बिराप्पाला घर असं नव्हतंच; भाऊ गुंडाप्पा मंठाळला होता, पण तिथून रोजची ये-जा कशी होणार. कळप सोडून बिराप्पाही थांबू शकत नव्हता. बोलणं या टोकाहून त्या टोकाला जाऊन पुन्हा पुन्हा तिथेच अडत होतं.

"मावशीला माझ्या घरी घेऊन जाते," शोभा म्हणाली. "आई आहे घरी. दवाखाना जवळ आहे. मृगाच्या आधी तुम्ही याल तेव्हा तिथेच भेटाल."

कुणीच बोललं नाही. बिराप्पाने जमिनीकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. शोभाचं नाव घ्यायला लावून त्याने काठावर पंगत उठवली होती. पण शोभाचं घर कोणत्या वस्तीत आहे हे त्याला माहीत होतं, आणि वाड्यातल्या इतर बायका चुलीआडून ऐकत आहेत हेही. शोभालाही माहीत होतं. तिला या शांततेची लहानपणापासून सवय होती आणि तरी दर वेळी ती तितकीच बोचायची. आपण उगाच बोललो असं तिला वाटलं. मग वाटलं, की नाही, बोलायलाच हवं होतं, नाही म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं. बिराप्पा घसा खाकरून म्हणाला, की चांगलं आहे, पण तिथं जेवणाखाण्याचं कसं, वेगळी चूल मांडता येईल का, नाहीतर लोक काय म्हणतील.

अंबुबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला पुन्हा खोकला आला, आणि या वेळी तिने पदर लावला नाही, आड गेली नाही, सगळ्यांसमोर खोकली. दम परत यायला थोडा वेळ लागला.

"पावसाळाभर हिच्या हातचं औषद खाल्लं," ती म्हणाली. "तवा कुनी इचारलं न्हाई. आता भाकर कामून चालंना?"

बिराप्पा उठला, तट्टाजवळ गेला, आणि दोरी सोडून त्याने अंबुबाईचं घोंगडं आणि लुगड्यांचं गाठोडं खाली उतरवलं. ते घेऊन तो आला आणि शोभाच्या पुढ्यात जमिनीवर न ठेवता तिच्या हातात दिलं.